पिल्लांच्या जाहिरातीत जन्मतारीख छापावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कुत्र्याची पिल्ले देणे आहेत’ अशा आशयाच्या छोट्या जाहिराती वृत्तपत्रांतून नेहमी प्रसिद्ध होतात. त्यांत जात दिलेली असते, रंग दिलेला असतो, नर की मादी हे असते, कागदपत्रे असल्याचा दावा असतो आणि ‘गोंडस’ हे विशेषण तर हमखास असते. जन्मतारीख मात्र क्वचितच आढळते. मी स्वतः घरच्या घरी, लहान प्रमाणावर श्वानपैदास करते. अशा प्रत्येक जाहिरातीत पिल्लांची जन्मतारीख देणे आवश्यक करावे आणि आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू देऊ करणारी जाहिरात स्वीकारू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून तिच्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगते.

चौकशीसाठी येणाऱ्या फोनपैकी पुष्कळांची सुरुवात ‘आम्हाला अगदी लहानातले लहान पिल्लू हवे’ या वाक्याने होते. पिल्लू जितके लहान आणावे तितका त्याला आपला लळा जास्त लागतो आणि बाटलीने दूध पाजून वाढवले की ते आपल्यालाच आई मानू लागते, ही समजूत लोकांच्या मनात फार खोलवर रुजलेली आहे. ती मायेपोटी आलेली असल्यामुळे दूर करणे आणखी अवघड जाते. चार आठवड्यांचे पिल्लू मागणाऱ्याला नकार दिला, की ही अडवणूक आहे किंवा किंमत वाढवून घेण्याची युक्ती आहे, असे त्याला वाटते. तोवर आमच्या घरात नेमके काय चाललेले असते हे बाहेरून दिसत नाही, हेही या गैरसमजाचे एक कारण असावे.

कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा तिचे तापमान मोजून लिहून ठेवावे लागते, कारण ते 37 अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की पुढच्या एका दिवसात ती विणार, असा तो बराच भरवशाचा इशारा असतो. जन्मलेल्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात आणि स्वतःच्या शरीराची ऊब राखण्याची ताकद त्याच्यात नसते. पहिल्या आठवड्यात तर थंडी वाजली तरी त्याला कुडकुडताही येत नाही. त्यामुळे बाळंतपणासाठी केलेल्या पेटीत पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश तापमान राखावे लागते, आणि तेही पेटीच्या एकाच बाजूला, कारण पिल्लांना जी ऊब हवी असते तीच आईला असह्य होते. पिल्ले एकमेकांवर चढून गठ्ठा करून झोपली असली तर त्यांना गारठा लागतो आहे आणि दूरदूर पांगून तोंड उघडे टाकून पडली असली तर उकडते आहे, हे तापमापक पाहण्याआधी त्यांच्याकडे नुसते पाहूनही कळते. गार पडलेल्या पिल्लाला घाईघाईने दूध पाजणे ही नवख्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती घातक ठरते. अंग गार असताना पिल्लाचे पचन जवळपास थांबलेले असते. त्याला आधी सावकाश ऊब द्यायची आणि मगच दूध, हा क्रम चुकवून चालत नाही.

पहिल्या दिवसाच्या चिकाचे महत्त्व सर्वांनी ऐकलेले असते, परंतु त्याला किती थोडा अवधी असतो याची कल्पना कमी जणांना असते. चिकातील प्रतिपिंडे रक्तात शोषून घेण्याची पिल्लाच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटत जाते आणि सुमारे 24 तासांत संपते. म्हणून वेत मोठे असेल तेव्हा धडधाकट पिल्लांना बाजूला करून अशक्त पिल्लाला सडाला लावून धरावे लागते, आणि हे काम रात्र आहे की दिवस ते पाहून करता येत नाही. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा धागा सैलसर बांधून रोज ठरलेल्या वेळी वजन घ्यायचे आणि वहीत मांडायचे, हा पुढचा नेम. निरोगी पिल्लाचे जन्माचे वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होते. एखाद्या पिल्लाचे वजन एक दिवस जरी वाढले नाही तरी त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो, कारण वरकरणी ते इतरांसारखेच दिसत असते आणि रडू लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. पिल्ले दगावण्याचे प्रमाण याच दोन आठवड्यांत सर्वाधिक असते. इतके करूनही काही पिल्ले जातात. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी या कामात पडू नये, असे माझे मत आहे.

बाटलीने दूध पाजण्याची हौस ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिले दोन-अडीच आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी किंवा शी करता येत नाही. आई त्याचे पोट आणि मागची बाजू चाटते तेव्हाच ते होते, आणि झालेली घाणही तीच साफ करते. आई नसलेल्या पिल्लासाठी हे काम कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने, प्रत्येक दुधाच्या वेळी, म्हणजे सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी करावे लागते. शिवाय कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात, साखर मात्र कमी असते. त्यामुळे गाईचे दूध पाजलेले पिल्लू एक तर उपाशी राहते किंवा जुलाबाने खंगते. आई जवळ असताना तिची जागा घेण्याचा मोह कशासाठी?

या काळात आईचीही तेवढीच निगा राखावी लागते. विशेषतः लहान चणीच्या जातींत, पान्हा भरात असताना, म्हणजे विण्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून कुत्री अस्वस्थ होते, थरथरते, तिचे पाय ताठरतात. अशा वेळी तिला तत्काळ पशुवैद्याकडे नेले नाही तर ती जिवाला मुकते. हे टाळावे म्हणून गाभणपणातच कॅल्शियमच्या गोळ्या चारण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्यामुळे हाडांतले कॅल्शियम गरजेनुसार बाहेर काढण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावते आणि धोका उलट वाढतो.

दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांनी कान मोकळे होतात आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्ले अडखळत चालू लागतात. दुधाचे दात यायला लागले की आईला पाजताना ते टोचतात, आणि पाजता पाजता मध्येच उठून निघून जाण्याची तिची सवय सुरू होते. दूध तोडण्याची ही तिची स्वतःची रीत असते. आपण मऊ, पातळ अन्न पुढे ठेवून तिला हातभार लावायचा असतो. पहिले चार-पाच दिवस त्या अन्नातून पिल्ले चालत जातात, त्यात बसतात आणि मग एकमेकांना चाटून ते संपवतात. जंताचे औषध मात्र त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालेले असते आणि दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते. गोल जंतांच्या अळ्या गर्भात असतानाच, आणि पुढे दुधातूनही, आईकडून पिल्लांकडे येतात. घर कितीही स्वच्छ ठेवले तरी ते चुकत नाही. या जंतांच्या अंड्यांपासून लहान मुलांनाही संसर्ग होऊ शकत असल्यामुळे औषधाच्या तारखांची नोंद नसलेले पिल्लू घरात आणू नये.

चार आठवडे झाले की पिल्लू स्वतः चालते, खाते, माणूस दिसला की शेपटी हलवत येते, आणि आता हे द्यायला काहीच हरकत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. माझ्या या पत्राचा सारा रोख नेमक्या याच क्षणावर आहे. इथून पुढचे चार आठवडे पिल्लू कुत्रा व्हायला शिकते, आणि हे शिक्षण त्याला माणूस देऊ शकत नाही.

दोन भावंडे खेळता खेळता एकमेकांना चावतात. दात जोरात लागला की चावले गेलेले पिल्लू किंकाळी फोडते आणि खेळ सोडून बाजूला होते. चावणाऱ्याचा खेळ तिथेच संपतो. असे दिवसभरात कितीतरी वेळा घडते, आणि तोंडाचा जोर कुठे आवरायचा हे त्यातून पिल्लू शिकते. आईच्या ताटलीत तोंड घालणाऱ्याला ती आधी नजरेने, मग गुरगुरून आणि अगदीच ऐकले नाही तर त्याचे तोंड आपल्या जबड्यात हलकेच धरून समज देते. त्यातून दुसऱ्या कुत्र्याची नाराजी ओळखणे आणि वेळीच माघार घेणे पिल्लाच्या अंगवळणी पडते. ज्यांचे कुत्रे रस्त्यात दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातात किंवा घरातल्या मुलाचा हात खेळताना रक्ताळतात, त्यांना मी पिल्लू कितव्या आठवड्यात आणले असे विचारते, आणि उत्तर बहुतेक वेळा चौथ्या किंवा पाचव्या आठवड्याचे असते. माझा अनुभव हा काही पुरावा नव्हे, हे मान्य. परंतु 2011 साली इटलीतील संशोधकांनी 140 प्रौढ कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतील निम्मी 30 ते 40 दिवसांच्या वयात आईपासून तोडलेली होती, तर उरलेली दोन महिन्यांची होईपर्यंत वेतात राहिलेली होती. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत अतोनात भुंकणे, आवाजांना बिचकणे, बाहेर फिरताना घाबरणे, वस्तूंची नासधूस आणि खाण्यावर किंवा खेळण्यावर हक्क सांगत अंगावर येणे, असे दोष अधिक आढळले.

वेतात असलेल्या पिल्लाला माणसांची ओळख होत नाही, असा एक आक्षेप नेहमी येतो, आणि पैदास करणारा आळशी असेल तर तो खराही ठरतो. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे केलेल्या निरीक्षणांतून असे दिसले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या ओळखींसाठी जितके उघडे असते तितके ते पुन्हा कधीच नसते. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाला कायमची बुजरी राहिली. म्हणून आमच्याकडे पाचव्या आठवड्यापासूनचा दिवस भरगच्च असतो. पायांखाली रोज काही वेगळे यावे यासाठी फरशी, माती, गवत, कागदाचे खोके, खुळखुळणारा प्लास्टिकचा तुकडा असे बदलत ठेवायचे. भांडे पडल्याचा, दाराच्या घंटेचा, यंत्रांचा आवाज आधी दुरून आणि मग जवळून ऐकवायचा. चष्मा लावणारी, काठी घेऊन चालणारी, दाढी असलेली, लहान वयाची अशी निरनिराळी माणसे त्यांना भेटवायची. प्रत्येक पिल्लाला रोज काही मिनिटे भावंडांपासून वेगळे घेऊन त्याचे कान, दात, नखे हाताळायची, म्हणजे पुढे पशुवैद्याच्या टेबलावर ते गोंधळ घालत नाही. झोपण्याच्या जागेपासून लांब जाऊन शी-शू करण्याची पिल्लांची ओढ तिसऱ्या आठवड्यापासूनच असते. त्या जागी योग्य ते आच्छादन घातले आणि ते वारंवार बदलले तर निम्मे वळण इथेच लागते. पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत वाढलेल्या पिल्लाची ही ओढ मरते, आणि ते पिल्लू घेणारे कुटुंब पुढे कित्येक महिने फरशी पुसत राहते.

मग ओळखींची ही खिडकी बाराव्या आठवड्यापर्यंत उघडी असेल तर पिल्लू तोवर पैदास करणाऱ्याकडेच का ठेवू नये, असे कोणी विचारील. अगदी चिमुकल्या जातींची पिल्ले काही जण दहा-बारा आठवडे ठेवतातही, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. सर्वसाधारण पिल्लाच्या बाबतीत मात्र ही खिडकी दोन घरांत वाटून घेणे मला योग्य वाटते: पहिला भाग आई व भावंडांच्या सोबतीत, आणि उरलेला त्या घरात, ज्या घराचे आवाज, जिने, माणसे आणि सवयी त्याला जन्मभर पुरायच्या आहेत.

आठ आठवड्यांचा नियम इतका सर्रास मोडला जातो, त्याचे कारण नुसते अज्ञान नाही. त्यामागे सरळ हिशेबही आहे. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लांचा खर्च जवळजवळ काहीच नसतो, कारण सारा भार आईच्या दुधावर असतो. चौथ्या आठवड्यापासून खाणे सुरू होते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. जंताचे औषध, पहिली लस, मायक्रोचिप (ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवायची बारीक चिप), पशुवैद्याची तपासणी, न संपणारे कपडे धुणे आणि दिवसातून अनेकदा करावी लागणारी साफसफाई, हे सगळे नेमके पाचव्या ते आठव्या आठवड्यात येऊन पडते. चौथ्या आठवड्यात पिल्लू विकणारा हा सगळा खर्च आणि सगळी मेहनत वाचवतो, आणि त्या वयात पिल्लू दिसायला सर्वांत लोभस असल्यामुळे किंमतही पुरेपूर घेतो. विकत घेणाऱ्याला वाटते, आपल्याला लहान पिल्लू मिळाले. प्रत्यक्षात त्याला अर्धवट वाढवलेले पिल्लू मिळालेले असते.

लशीच्या बाबतीत तर याहून अधिक फसवणूक होते. पाच आठवड्यांचे पिल्लू हातात देताना ‘सगळ्या लशी झाल्या आहेत’ असे सांगितले जाते, आणि ते खरे असूच शकत नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे जोवर पिल्लाच्या रक्तात पुरेशी असतात तोवर ती लशीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक, एकाच वेतातही, वेगळे असते. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देऊन पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी ती परत द्यायची आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायची, अशी पद्धत जगभरचे पशुवैद्य सांगतात. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला, पिल्लांना जीवघेणे जुलाब व उलट्या लावणारा पार्व्होचा विषाणू या मधल्या काळातच पिल्लाला गाठतो. तो जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो, नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही आणि माणसाच्या चपलेला चिकटूनही घरात शिरतो. आमच्याकडे येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला, हात धुवायला आणि त्याच दिवशी दुसरीकडची पिल्ले पाहून न यायला सांगतो तेव्हा काही जण रागावतात. रागावले तरी चालेल.

पिल्ले मोठी होत असतानाच त्यांच्यासाठी घरे शोधण्याचे कामही सुरू असते, आणि खरे सांगायचे तर रात्रीच्या जागरणांपेक्षा मला तेच अधिक थकवणारे वाटते. दिवसभर घरी कोण असते, घरातल्या सर्वांची संमती आहे का, भाड्याचे घर असल्यास मालकाला विचारले आहे का, गाव सोडून जावे लागले तर कुत्र्याचे काय, असे प्रश्न मी विचारते. ‘याआधी कुत्रा पाळला होता का, आणि त्याचे पुढे काय झाले’ हा प्रश्न शेवटी विचारते, कारण बाकी सर्व प्रश्नांची तयारीची उत्तरे देता येतात, याचे देता येत नाही. कुणाला वाढदिवसाची भेट म्हणून, त्या व्यक्तीला न सांगता पिल्लू न्यायचे असेल तर मी देत नाही. एकाच वेतातली दोन पिल्ले एका घरात, एका वेळी देत नाही, कारण ती एकमेकांतच गुंततात आणि माणसाकडे लक्ष देणे त्यांना जड जाते. यावर माझ्या ओळखीच्या ब्रीडरांचे मत वेगळे आहे, परंतु दोघांना रोज वेगवेगळे फिरवण्याइतका वेळ असलेली कुटुंबे मी फारशी पाहिलेली नाहीत. कोणत्या घराला कोणते पिल्लू जाईल हेही मीच सुचवते. एकोणपन्नासाव्या दिवशी पिल्लाची एक चाचणी घेऊन त्याचा स्वभाव ठरवण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. त्या एका दिवसाच्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. रोज पाहिलेले पिल्लू आवाजानंतर किती लवकर सावरते आणि भावंडांनी ढकलल्यावर काय करते, त्यावरून जास्त कळते.

घेणाऱ्यांनीही आम्हाला तितकेच प्रश्न विचारावेत. आई समोर दाखवायला सांगावी. ती माणसाला पाहून दबकत असेल तर पिल्ले कितीही देखणी असली तरी परत फिरावे. मोठ्या जातींत आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी मागावी. पिल्लाचे तोंड उघडून पाहावे: आठ आठवड्यांच्या पिल्लाचे 28 दुधाचे दात बहुतेक सगळे आलेले असतात, आणि दाढा हिरड्यांतच असलेले, चालताना मागचे पाय फाकणारे पिल्लू आठ आठवड्यांचे असल्याचे कोणी सांगत असेल तर ते मानू नये.

पिल्लू निघते तेव्हा त्याच्यासोबत लशींची व जंताच्या औषधाची नोंद, पंधरा अंकी मायक्रोचिपचा क्रमांक, काही दिवस पुरेल इतके नेहमीचे खाद्य आणि आईच्या अंथरुणातला एक फडक्याचा तुकडा जातो. पहिले काही दिवस खाणे बदलू नका आणि रात्री त्याला दूरच्या खोलीत एकटे ठेवू नका, असे बजावून सांगितले तरी पहिल्या रात्री फोन येतोच. आठ आठवड्यांचे पिल्लूही रडते. फरक एवढाच की भूक लागल्यावर ते स्वतः खाऊ शकते, भीती वाटल्यावर सावरू शकते आणि दोन-तीन रात्रींत बहुधा शांत झोपू लागते. शिवाय करारात एक कलम असते: कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो माझ्याकडेच परत यावा. परत येणारे कुत्रे बहुतांशी सहा महिने ते दीड वर्षाचे, म्हणजे ऐन अवखळ वयाचे असतात. त्यांना नवे घर मिळवून देणे हे पिल्लाला घर मिळवून देण्यापेक्षा वेळखाऊ असते, पण त्यांचा स्वभाव कळलेला असल्यामुळे जोडी अधिक चांगली जमते. हे कलम घालायला जो तयार नसेल, त्याने पिल्ले जन्माला घालू नयेत, असे मी स्पष्टच म्हणते.

रस्त्यावर आणि निवाऱ्यांत इतके कुत्रे बेघर असताना मुळात पैदास करावीच का, हा प्रश्न या पत्रावर काही वाचक नक्की उपस्थित करतील. प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना मी स्वतःच एखादा मोठा, शांत, बेघर कुत्रा दत्तक घ्या असे सुचवते, कारण त्यांच्या दिनक्रमात पिल्लाला जागाच नसते. परंतु पैदास पूर्णपणे थांबावी असे ज्यांना वाटते आणि ती जपून व्हावी असे ज्यांना वाटते, त्या दोघांनाही चार आठवड्यांच्या पिल्लांचा बाजार बंद झालेला हवाच असणार. तोडलेली, भित्री, चावरी कुत्रीच पुढे घराबाहेर काढली जातात.

आता मूळ मागणीकडे. जाहिरात देणारा खोटी तारीख देईल, ही शंका मला कळते. तो तोंडी आजही खोटेच सांगतो. मात्र छापलेली तारीख लशीच्या कार्डाशी, मायक्रोचिपच्या नोंदीशी आणि पिल्लाच्या दातांशी ताडून पाहता येते, आणि पुढे तक्रार करण्याची वेळ आलीच तर ती लेखी पुरावा ठरते. जो प्रामाणिक आहे त्याला एक तारीख जास्त लिहिण्याचा कसलाच त्रास नाही. जाहिरात घेणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांनी तीनच गोष्टी विचाराव्यात, एवढेच सुचवते: पिल्लांची जन्मतारीख काय, ती कोणत्या तारखेपासून नेता येतील, आणि आई त्याच ठिकाणी पाहायला मिळेल का. पहिल्या दोन तारखांमध्ये 56 दिवसांचे अंतर नसेल किंवा तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ होत असेल, तर ती जाहिरात नाकारावी, आणि हा नियम आपल्या जाहिरातींच्या पानावर ठळकपणे छापावा.

आपली विश्वासू,
एक वाचक व श्वानपैदासकार